पंख्याचा आवाज समजून

जटपुरा गेटाशी शेअर ऑटो अडकला, तेव्हा अंजुमने कानात इअरफोन घातले आणि अब्बांचा आवाज लावला. गेटाच्या कमानीतून एक टेम्पो आत शिरू पाहत होता आणि एक सांड बाहेर निघू पाहत होता. दोघांपैकी मागे कोण सरकणार याचा निकाल लागायला वेळ होता, आणि चंद्रपुरात अशा वेळी पैज सांडाच्या बाजूने लावावी हे शेंबडं पोरही सांगेल. शेजारच्या बाईच्या पिशवीतून कोथिंबिरीचा वास येत होता. कानात आधी थोडी खरखर आली, मग अब्बांचा 'आऽ' सुरू झाला, घोगरा पण सरळ, आणि अंजुमने डोळे मिटून घ्यावेत एवढ्यात तो नाहीसा झाला. तुटला असता तर तिला काही वाटलं नसतं. दम तुटतो, माणूस म्हातारं आहे. पण हा तुटला नाही. विहिरीत घागर बुडावी तसा आत आत गेला आणि वर शांतता उरली, अगदी धुतलेली शांतता, जिच्यात रस्ता नाही, घर नाही, माणूस नाही. मोबाइलच्या पडद्यावरची रेघ मात्र पुढे सरकतच होती, म्हणजे रेकॉर्डिंग चालू होतं. काल संध्याकाळी ती स्वतः समोर बसली होती. मानेची शीर फुगेपर्यंत त्यांनी सूर धरून ठेवलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. इअरफोन ओढून काढून तिने घरी फोन लावला.

"अम्मी, अब्बा बरे आहेत ना?"

"बरेच आहेत. चाय पिऊन राह्यले. काऊन?"

"काही नाही."

"काही नाई त फोन कायले केला? दूध आणजो येताना."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. अलीकडे असं उगाच घाबरणं फार व्हायचं. दिवाळीच्या आधी अब्बांना लकवा झाला, उजवं अंग गेलं आणि शब्द गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो, आणि तो आला तर जे उरलंय तेही जाईल. उरलं होतं ते एवढंच, हा आऽ. दवाखान्यात एका सकाळी त्यांनी तो पहिल्यांदा लावला तेव्हा नर्स धावत आली, तिला वाटलं दुखतंय. अम्मी म्हणाली, "दुखत नाई. हा सूर आहे." अम्मी, म्हणजे आबिदा, जिने आयुष्यभर सुराचं तोंड पाहिलं नव्हतं, तिनेच तो ओळखला. तेव्हापासून अंजुमच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. हा आवाज जाण्याआधी धरून ठेवायचा. ज्या माणसाच्या आवाजाची तिने सारं लहानपण वाट पाहिली, तो निदान म्हातारपणी तरी आपल्याजवळ राहावा, खिशात, कानात, हवा तेव्हा. यात तिचं काय चुकत होतं?

अब्बा म्हणजे कय्यूम पेटीवाले. झाडीपट्टीत, म्हणजे वडसा, कुरखेडा, ब्रह्मपुरी या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत गावोगाव मंडप पडतात. त्या नाटकांत अब्बा ऑर्गन वाजवत. लोक त्यालाही पेटीच म्हणत. दिवाळीला फटाके वाजले की ते घरातून निघत आणि पळस फुलून झडू लागला की परत येत. शाळेतल्या पोरी उन्हाळ्याची वाट आंब्यांसाठी पाहत, अंजुम बापासाठी पाहत असे. बाप येई, चार दिवस झोपून काढी, मग मामाच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करत बसे, आणि मधूनच त्याची बोटं शर्टाच्या कापडावर कुठलीतरी चाल वाजवत. ती बोटं पाहत ती दारात उभी राही. गाणं मात्र घरात नव्हतं. अम्मीने एकदाच, पण कायमचं सांगून टाकलं होतं, "या घरातलं एक माणूस गाण्यानं नेलं. दुसरं मी देणार नाई." अंजुमने कधी मोठ्याने गुणगुणलंसुद्धा नाही. शाळेच्या प्रार्थनेत ती ओठ हलवी. आता अडतिशी आली, दोन-तीन स्थळं आली आणि गेली, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये खिडकीवर बसून लोकांची नावं लिहिता लिहिता दिवस जाऊ लागले, आणि एका दिवशी तिने मोबाइलवर गाणी बनवायचं ॲप उतरवून घेतलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. ऑटोत बसल्या बसल्या ती बोटाने पडद्यावरच्या पट्ट्या दाबायची, खाली ठेका लावायची, आणि अशी तिची एक चाल तयार झाली होती, शब्द नसलेली, गल्लीतून घरी यावं तशी चार वळणं घेऊन थांबणारी. ती कुणी ऐकली नव्हती. अब्बांचा सूर त्या चालीखाली अंथरायचा, हा तिचा बेत होता. चोरून दूध पिणाऱ्या मांजरीसारखी ती त्या बेतावर खूश होती.

पण बेत करणं सोपं. आधी आवाजात तडतड यायची, पापड भाजल्यासारखी. लॅबमधली दिव्यानी या बाबतीत तिची गुरू होती. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढायचं आणि सुटल्यावर भावासोबत जयंतीच्या गाण्यांचे ट्रॅक मोबाइलवर बनवायचे, असा तिचा दुहेरी संसार. तिने सांगितलं, मागचे सगळे ॲप बंद कर, फोन मोकळा कर. तडतड गेली. मग अब्बांचा आवाज ठेक्याच्या मागून फरपटत येऊ लागला. दिव्यानी म्हणाली, "गळ्यातला तो बिनवायरचा पट्टा काढ आधी. त्याच्यातून आवाज पोचायलेच टाइम लागते. वायरवाला लाव." वायरवाला लावला, आवाज जागेवर आला. आणि आता हे नवीनच. दुष्काळात तेरावा महिना.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा मांडामांड केली. कूलर बंद केला. बाहेर एप्रिलचं ऊन उतरलं होतं तरी भिंती तव्यासारख्या तापलेल्या होत्या. दार लावलं, खिडकी लावली, अम्मीला कुकर लावू दिला नाही. मोबाइलचं कव्हर काढलं, माइकचं भोक ओढणीच्या टोकाने पुसलं, आणि फोन अब्बांच्या उशीशी ठेवून ती खाटेच्या कडेला श्वास रोखून बसली. अम्मी चौकटीत उभी राहून पदराने वारा घेत होती. "बिमार माणसाले भट्टीत घातलं का तू?" तिने विचारलं. अंजुमने तोंडावर बोट ठेवलं. मग अब्बांकडे वाकून म्हणाली, "अब्बा, करा." अब्बांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि सूर लावला. खोलीत तो एकटाच होता. अंजुम हलली नाही. घाम कानामागून मानेवर उतरला तरी तिने तो पुसला नाही, कापडाचा आवाज होईल म्हणून. अब्बांची नजर दारावर, शीर फुगलेली, सूर जागेवर, आणि मग दम संपला आणि तो कोसळला. ते छाती धरून धापा टाकू लागले. तिने फोन उचलून ऐकलं. एक क्षण आऽ, आणि पुढे तीच धुतलेली शांतता. "अब्बा, एकदा अजून," ती म्हणाली. त्यांनी एकदा अजून केलं. मग आणखी एकदा. शेवटी अम्मीने येऊन कूलरचं बटण दाबलं आणि निघून गेली. कूलरच्या त्या खडखडाटात अंजुमला रडू आलं, रागाचं.

दुसऱ्या दिवशी दिव्यानीने डब्याच्या सुटीत ते ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि ठेच्याचं बोट चाटत हसू लागली.

"तुह्या फोनले वाटते का पंखा चालू आहे."

"पंखा-कूलर सगळं बंद केलं होतं मी."

"तेच त सांगून राह्यली. तुह्ये बाबाच त्याले पंखा वाटून राह्यले. जो आवाज वरखाली होते, त्याले फोन माणूस समजते. एकाच जागी उभा राह्यला का तो म्हणते कचरा, पुसून टाकते. फोन बोलासाठी बनला न माय, सूर धरासाठी थोडीच." मग तिने अंजुमच्या फोनमध्ये शिरून कुठल्या कुठे एक बटण शोधलं, गोंगाट कमी करण्याचं, आणि ते बंद केलं. "आता सारंच येईन. कूलर बी येईन. पण बाबा पुसल्या जाणार नाई."

संध्याकाळी घरी जाताना अंजुम त्या बटणाचाच विचार करत होती. तिला फोनचा राग आला होता, आणि फोनचा राग येणं वेडेपणाचं आहे हे कळत असूनही तो जात नव्हता. म्हणतात ना, बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. दवाखान्यातसुद्धा डॉक्टर अब्बांशी न बोलता अब्बांविषयी बोलायचे, त्यांच्या डोक्यावरून, एखाद्या सामानाविषयी बोलावं तसं. बोलता येत नाही तर माणूसच नाही! मग तिला आठवलं की अम्मी आणि आपणही आता तसंच करतो. अब्बांना खिचडी हवी की भाकर, हे आपण एकमेकींना विचारतो. ऑटोवाल्याने दोनदा हाक मारली तेव्हा ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरली.

यावेळी सगळं आलं. सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत आला, त्यातली घरघर, मधला किंचित कंप, सगळं. सोबत शेजारच्या टीव्हीतली सासू आली, कूलरची टपटप आली, गल्लीतला कुल्फीवाला आला. अंजुमने ते कानात किती वेळा ऐकलं याला गणती नाही. आपल्या चालीखाली तो सूर ठेवून पाहिला तर तो तिथे बसेना. तिची चाल खालच्या पट्टीत, सूर वरच्या, दोघांचं जमेना, पण ते पुढचं पुढे. आवाज तर मिळाला! तिला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. अब्बांच्या जुन्या फोनमध्ये वामनरावांचा नंबर होता. वामनराव म्हणजे कुरखेड्याचे, नाटक मंडळाचे गाणारे नायक. अब्बांनी ज्यांच्यामागे ऑर्गन वाजवण्यात उभी हयात काढली ते. तिने ते रेकॉर्डिंग त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, अब्बांचा आवाज. पाठवल्यावर तिने ते पुन्हा एकदा ऐकलं, आणि तेव्हा पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की सूर तुटल्यानंतर, धापेच्या आधी, तिथे आणखी एक बारीक आवाज आहे. जिभेचा. च्च. आधीच्या रेकॉर्डिंग्जमध्ये फोनने तो पुसलेला असावा. तिला वाटलं, दम पुरत नाही म्हणून अब्बा स्वतःवरच चिडतात. तिला फार वाईट वाटलं.

रविवारी दुपारी वामनराव दारात उभे. गोंदियाच्या गाडीने चांदा फोर्ट स्टेशनला उतरून, उन्हातून चालत, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी घेऊन आले होते. सत्तरीचा माणूस, पण आवाज अजून मंडपाच्या शेवटच्या रांगेला पुरेल असा. "आबिदाबाई, पाणी द्या थंड," म्हणत ते खाटेवर अब्बांच्या पायांशी बसले. अब्बांच्या डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं आणि मग ते लवकर सुटलंच नाही. वामनराव बराच वेळ कुणाकुणाच्या गोष्टी सांगत राहिले, नाटकांत आता ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला, लच्छूने गाणं सोडून किराणा टाकला, असं. अब्बा ऐकत होते. अंजुमने पाहिलं की वामनराव त्यांच्याविषयी बोलत नव्हते, त्यांच्याशी बोलत होते, आणि उत्तराला जागाही ठेवत होते. मध्येच अब्बांनी मनगट सोडलं, नजर दाराकडे वळवली आणि सूर लावला. अंजुम सवयीने उठली, कूलर बंद करायला. फोनचं लाल बटण दाबून तिने तो उशीशी टेकवला आणि तोंडावर बोट ठेवून बसली. वामनराव एक क्षण तिच्या बोटाकडे बघत राहिले. मग उठले, दारापर्यंत गेले, वळले, आणि तिथून गात आत आले.

कुठलं पद होतं ते अंजुमला माहीत नव्हतं, शब्दही तिला नीट कळले नाहीत. तिला दिसलं ते एवढंच, की वामनरावांचा पहिला स्वर अब्बांच्या सुरावर येऊन बसला आणि अब्बांचा सूर हलला. इतके महिने एकाच जागी उभा असलेला तो सूर चालू लागला. वामनराव वर गेले की तो मागे राहून वाट पाही, ते श्वास घेत तिथे तो पुढे होऊन जागा भरून काढी, आणि डाव्या हाताची बोटं चादरीवर पळत होती. दम तुटला तेव्हा च्च आला नाही. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसायचे विसरून उभी होती.

"तुम्ही लोक याले काय करायले लावता?" वामनराव खाली बसत म्हणाले. रागावले नव्हते, पण आवाज दुखावलेला होता. "मी ते ऐकलं अन् रातभर बसलो. पोरी, हा सूर देऊन राह्यला. नाटकात गाणारा पडद्याआड उभा असते. त्याले सूर भेटल्याशिवाय तो येत नाई. अन् तो येतपर्यंत पेटीवाल्याले सूर सोडता येत नाई. कधी आमचा फेटा सुटे, कधी पान संपलं नसे, हा बिचारा धरून बसे. तू म्हणते करा, तो देते, अन् कोणी येतच नाई. तू त चूप बसून राहते!"

आवाज स्वच्छ यावा म्हणून आपण श्वास रोखून बसत होतो, कापडसुद्धा हलू देत नव्हतो, आणि ते इथे, या तापलेल्या खोलीत, कुणीतरी यावं म्हणून छाती फुटेपर्यंत धरून बसत होते. एकदा अजून. अब्बा, एकदा अजून. नऊ वर्षांची असताना ते तिला एकदाच कुरखेड्याला तालमीला घेऊन गेले होते. ती ऑर्गनला चिकटून बसली होती. मुठीत कुणीतरी दिलेली लिंबाची गोळी होती, ती अब्बांना दाखवायची होती. बाही ओढली, पुन्हा ओढली, अब्बांनी पाहिलं नाही. त्यांचे डोळे पलीकडे, पडद्याच्या कडेवर लागलेले. ती गोळी मुठीतच विरघळली, आणि ती चिकट मूठ तिने मनात तीस वर्षं जपून ठेवली होती. आता तिला कळत होतं की ते कुणाकडे तरी पाहत नव्हते, कुणाची तरी वाट पाहत होते, ते त्यांचं कामच होतं. पण कळलं म्हणून हलकं वाटलं असंही नाही. उलट जास्तच लागलं.

निघताना वामनराव तिला म्हणाले, "अन् सूर बी कोणता देते पाह्य. काळी एक. माहीच पट्टी व्हय ते. लच्छूची वेगळी, बायांची वेगळी. आड कोण उभं आहे ते पाहून द्या लागते. एवढं सारं गेलं डोक्यातून, पण वामनची पट्टी नाई गेली." त्यांचे डोळे भरले होते. अंजुमने त्यांना ऑटोत बसवून दिलं, त्यांच्या पाया पडली, आणि घरी येताना तिला त्यांचा इतका हेवा वाटला की तिची तिलाच लाज वाटली.

रेकॉर्डिंग उत्तम झालं होतं. दिव्यानीने लॅबमध्ये ते स्पीकरवर लावलं आणि रक्त द्यायला आलेले लोकही थांबून ऐकू लागले. "आता हे कुठीच जात नाई," ती म्हणाली, तीन जागी जपून ठेवलं होतं तिने. अंजुमला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. अब्बांचा आवाज तिच्या खिशात होता. ऑटोत ती तो कानात लावी, आणि त्यात अब्बा किती खुशीत वामनरावांमागे चालले आहेत ते ऐके, गेटापासून घरापर्यंत. त्या आवाजात तिच्यासाठी काही नव्हतं. कधी नव्हतंच. अशा वेळी ती खिडकीबाहेर पाहत बसायची.

गुरुवारी ती लवकर घरी आली. अम्मी पलीकडे कणीक मळत होती, कूलर खडखडत होता, आणि अब्बा सूर लावून दाराकडे पाहत होते. तोच, काळी एक. अंजुम चौकटीतच थांबली. त्यांना वामनराव हवे होते, आणि वामनराव कुरखेड्याला होते. शीर फुगू लागली. आता दम तुटेल आणि तो च्च येईल, आणि तो तिला ऐकवणार नव्हता, त्या भीतीनेच तिचं तोंड उघडलं. काय गावं हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती एकच चाल, शब्द नसलेली, तिचीच. ती तिने लावली. आवाज जाडाभरडा निघाला, वर पोचेना, सुराच्या खाली कुठेतरी घसटत राहिला. स्वयंपाकघरातला परातीचा आवाज थांबला. पहिल्याच वळणावर तिचा आवाज चिरकला आणि ती गप्प झाली.

अब्बांनीही सूर सोडला. दारावरची नजर सरकून तिच्यावर आली आणि थांबली. ते पाहत राहिले, आड नक्की कोण उभं आहे ते नीट दिसेपर्यंत. मग त्यांनी श्वास घेतला आणि सूर दिला. खाली. पुन्हा अंदाज घेऊन आणखी थोडा खाली, जिथे वामनराव कधी उतरले नसते, जिथे तिच्याशिवाय कुणालाच गाता आलं नसतं. तिथे त्यांनी तो ठेवला आणि धरून बसले.

आतून अम्मी म्हणाली, "अवं, जा नं."